'थ्री गर्ल्स'मधल्या तिघी गप्प का आहेत? अमृता शेरगिल यांची गोष्ट

तीन मुली एकमेकींना खेटून बसल्या आहेत. अंगावर रंगीत कपडे आहेत, पण चेहऱ्यावर हसू नाही. त्या एकमेकींकडे बघत नाहीत आणि आपल्याकडेही बघत नाहीत. लग्नाचा निर्णय घरातली मोठी माणसं घेत, मुलींना कुणी विचारत नसे, असा तो काळ. १९३५ सालचं हे तैलचित्र म्हणजे 'थ्री गर्ल्स'. ते काढलं तेव्हा अमृता शेरगिल अवघ्या २२ वर्षांच्या होत्या.

अमृतांचा जन्म ३० जानेवारी १९१३ चा, हंगेरीतल्या बुडापेस्टचा. वडील उमराव सिंग हे पंजाबच्या मजिठिया घराण्यातले, संस्कृत आणि फारसीचे अभ्यासक. आई हंगेरियन गायिका. १९२१ मध्ये हे कुटुंब सिमल्याला आलं आणि सोळाव्या वर्षी अमृता चित्रकला शिकायला पॅरिसला गेल्या.

याच पॅरिसमध्ये काही दशकं आधी इंप्रेशनिस्ट चित्रकारांनी राजे आणि देवदेवता बाजूला ठेवून साध्या माणसांचे साधे क्षण रंगवले होते. अमृतांवर जास्त प्रभाव पडला तो त्यांच्यानंतरच्या सेझान आणि गोगँ यांचा. १९३३ मध्ये त्यांच्या 'यंग गर्ल्स'ला पॅरिसमध्ये सुवर्णपदकही मिळालं. तरीही १९३४ च्या अखेरीस त्या भारतात परतल्या.

१९३६ च्या शेवटी त्या दौऱ्यावर निघाल्या. मुंबईनंतर त्यांनी गाठलं अजिंठा. तेव्हा नांदेड, लातूरसारखंच अजिंठाही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथल्या भिंतींवर त्यांना अर्धवट मिटलेल्या डोळ्यांच्या, स्वतःतच हरवलेल्या स्त्रिया दिसल्या. पॅरिसहून आलेल्या या मुलीला आपली वाट मराठवाड्यातल्या लेण्यांत पक्की झाली. पुढच्याच वर्षी काढलेल्या 'ब्राइड्स टॉयलेट'मध्ये अजिंठ्याचा ठसा स्पष्ट दिसतो.

१९३७ मध्ये 'थ्री गर्ल्स'ला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. कौतुक झालं, पण चित्रं विकली जाईनात. हैदराबादच्या नवाब सालारजंग यांनी त्यांची चित्रं परत पाठवली. म्हैसूरच्या महाराजांनी त्यांच्याऐवजी रविवर्म्याची चित्रं निवडली.

५ डिसेंबर १९४१ ला लाहोरमध्ये, प्रदर्शन तोंडावर आलेलं असताना अमृता गेल्या. वय होतं फक्त २८.

१९७६ मध्ये सरकारने त्यांची चित्रं राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केली. २०२३ मध्ये त्यांचं 'द स्टोरी टेलर' ६१.८ कोटींना विकलं गेलं, भारतीय चित्राला तोवर मिळालेली ती सर्वाधिक किंमत होती. 'थ्री गर्ल्स'मधल्या तिघी मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आजही तशाच गप्प बसल्या आहेत.

पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात, तर भिंतींवरच्या स्त्रियांच्या डोळ्यांकडे जरा निवांत बघा. त्या तिघींची ओळख तिथेच पटेल.