हिस्लॉपसाहेब आणि दगडांची वर्तुळं

हिस्लॉप कॉलेजचं नाव विदर्भात कुणाला ठाऊक नाही? भंडारा, तुमसर, पवनीच्या कितीतरी मुली नागपूरला जाऊन तिथे शिकल्या. पण मैत्रिणींनो, हे हिस्लॉप कोण, असं विचारलं तर बहुतेक जणी गप्प बसतात. म्हणून आज त्यांच्याविषयी लिहावंसं वाटलं. आपल्या मातीतले जुने दगड पाहायला गेले असताना या माणसाचा जीव गेला.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या लहानशा गावी झाला. पत्नी एरास्मासह ते १८४५ मध्ये नागपूरला आले. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं आणि भंडाराही त्यातच होता. हिस्लॉप आले ते धर्मप्रचारासाठी, हे लपवण्याचं कारण नाही. पण पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. त्याच शाळेचं १८८३ मध्ये कॉलेज झालं.

ते मराठी शिकले, गावोगाव फिरले. फिरताना नजर मात्र जमिनीवर! कुठे दगडात उमटलेलं पान दिसे, कुठे शिंपला. आज ज्यांना आपण जीवाश्म म्हणतो ते त्यांनी आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी ढिगानं जमवले. एका खनिजाला पुढे हिस्लॉपाइट असं नावही मिळालं. गोंड लोकांची भाषा आणि लिंगोची गाणीही त्यांनी उतरवून घेतली. त्या काळी ही गाणी कागदावर आणावीत, असं किती जणांना वाटलं असेल?

आपल्याकडे माळावर मोठमोठे दगड गोल मांडलेले दिसतात. जुनी माणसं त्यांना गवळ्यांचे वाडे म्हणत. हिस्लॉप यांना या वर्तुळांचं फार कुतूहल. सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्यासोबत ते नागपूरजवळच्या टाकळघाटला हीच वर्तुळं पाहायला गेले. दिवस पावसाळ्याचे. ४ तारखेला घोड्यावरून परतताना अंधार झाला, नाल्याला पूर आलेला. घोडा परत आला, तो एकटाच. हिस्लॉप बुडाले होते. चार दिवसांनी त्यांना सेहेचाळीस वर्षं पूर्ण झाली असती.

मला राहून राहून एरास्माबाईंची आठवण येते. नवऱ्याच्या कामापायी त्या माहेरापासून हजारो मैल दूर आल्या. हिस्लॉप यांची टिपणं मात्र वाया गेली नाहीत. टेंपल यांनी ती १८६६ मध्ये पुस्तकरूपात छापली, म्हणून लिंगोची गाणी टिकली.

दगडांचा शोधही थांबला नाही. १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नाक यांनी नागपूरजवळ जुनापाणीची वर्तुळं खणली. मग शंभरेक वर्षांनी, १९६७ ते १९६९ या काळात, डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा इथे उत्खनन केलं. हिस्लॉप जिथून परतले नाहीत, तेच हे ठिकाण. ते गवळ्यांचे वाडे नव्हते. ती थडगी होती. साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी लोखंड वापरणाऱ्या लोकांनी आपल्या माणसांसाठी ती बांधली. विदर्भातल्या अशा थडग्यांत लोखंडी कुऱ्हाडी, घोड्यांची हाडं, मणी आणि तांब्याच्या बांगड्याही सापडल्या आहेत. बांगड्यांचं वाचलं आणि मी थबकलेच. गेलेल्या माणसासोबत त्याच्या वस्तू ठेवणारे हात आपल्यासारखेच असतील ना?

आणि हे फक्त नागपूरचं नाही हं! आपल्या भंडारा जिल्ह्यात पिंपळगाव, तिलोता खैरी आणि ब्राह्मी इथे उभ्या दगडांवर मोठी शिळा ठेवून केलेली दगडी घरंच आढळली आहेत. विदर्भात इतर ठिकाणी बहुतेक वर्तुळंच दिसतात. म्हणजे आपला ठेवा वेगळाच.

पण शेत सपाट करताना, घराचा पाया भरताना असे दगड सहज उचलले जातात. एकदा हलवले की ते कुणासाठी, कसे मांडले होते, हे कायमचं पुसलं जातं. तेव्हा तुमच्या शेताच्या धुऱ्याजवळ किंवा माळावर असे दगड असतील, तर घरच्यांना सांगा, ते जागचे हलवू नका. तलाठ्यांच्या, शाळेतल्या गुरुजींच्या कानावर घाला. मुलांना तिथे नेऊन दाखवा, आणि सोबत हिस्लॉपसाहेबांची ही गोष्टही सांगा.