मिठाचे व्यापारी, ग्रंथांचे धनी
कोपरी, प्रतिनिधी

ठाणे पूर्वेच्या कोपरीत ‘मीठबंदर’ हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. खाडीकाठची मिठागरे आणि मिठाचा व्यापार यांवर ठाण्याची अनेक घराणी पोसली गेली, त्या काळाची ही खूण. याच व्यवसायातल्या एका गृहस्थाने रुळांच्या पलीकडे, जुन्या ठाणे शहरात, मराठी ग्रंथांचे भांडार उभे केले. विनायक लक्ष्मण भावे हे त्यांचे नाव. ‘महाराष्ट्र सारस्वता’चे कर्ते म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण भावे लेखक होण्याआधी संग्राहक होते, आणि त्यांचे लेखन बहुतांशी त्या संग्रहाच्या ओढीतूनच जन्मले.

भाव्यांचा जन्म १८७१ मधला, कुलाबा जिल्ह्यातील पळस्पे गावचा. ते दोन वर्षांचे असताना, १८७४ मध्ये, पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला मराठीचा हा सर्वांत करारी टीकाकार. मेकॉले आणि जॉन्सन यांच्या वाचनावर पोसलेले त्यांचे गद्य दरमहा अंकरूपाने वाचकांच्या हाती पडे. सात वर्षांत ८४ अंक निघाले आणि १८८२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षाच्या आत, शास्त्रीबुवा गेले. ‘निबंधमाले’चे पुढे पुनर्मुद्रण झाले, तिचा मजकूर टिकला. परंतु ज्या रूपात ती प्रथम वाचली गेली, त्या सुट्या अंकांचा पूर्ण संच जमवणे हे निराळेच काम. मासिकाचा अंक वाचून झाला की घरोघर फिरे, फाटे, रद्दीत जाई. बांधणी करणारा वेष्टने काढून टाकी, आणि जाहिराती, किमती, तारखा त्यांच्याबरोबर जात. चिपळूणकरांसारख्या गाजलेल्या लेखकाची ही गत, तर ज्यांची दुसरी आवृत्ती कधी निघालीच नाही त्यांचे काय झाले असेल?

१८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकाच्या प्रती सरकारजमा होत. त्यांतल्या निवडक प्रती लंडनलाही पोहोचत. सामान्य मराठी वाचकाला त्यांचा उपयोग शून्य. गावोगावच्या ‘नेटिव्ह’ लायब्रऱ्यांत इंग्रजी ग्रंथांनाच मोठा मान होता. अशा वेळी १ जून १८९३ रोजी भाव्यांनी सहकाऱ्यांसह ठाण्यात ‘मराठी ग्रंथसंग्रहालय’ स्थापन केले, खास मराठी पुस्तकांसाठी. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मुंबईला याच नावाची संस्था निघाली ती पाच वर्षांनी, १८९८ मध्ये. मुंबईकरांना हे सहसा आठवत नाही!

भावे शिक्षणाने विज्ञानाचे पदवीधर, व्यवसायाने मिठागरवाले. वाङ्मयाच्या अध्यापनाशी त्यांचा संबंध नव्हता. तरीही जुन्या पोथ्या मिळवणे, त्या ताडून पाहणे आणि छापणे यांत त्यांनी आयुष्य वेचले. १९०३ मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक केवळ जुन्या काव्यासाठी काढले. असले मासिक पैसा मिळवून देणारे नव्हे, हे मिठाचा हिशेब ठेवणाऱ्याला कळत नसेल असे नाही.

‘महाराष्ट्र सारस्वत’ हा जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास. तोही प्रथम कोल्हापूरच्या विष्णु गोविंद विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाला’ मासिकातून, तुकड्यातुकड्यांनी प्रसिद्ध झाला. १९१९ च्या आवृत्तीत तो पुष्कळ वाढला. मधल्या काळात इतिहासाचार्य राजवाडे यांनी महानुभावांची सांकेतिक लिपी उलगडली होती आणि मराठी गद्याचे एक अख्खे दालन खुले झाले होते. भाव्यांनी ते आपल्या इतिहासात घेतले. अभ्यासासाठी अर्थातच नंतरची आवृत्ती घ्यावी. पण १९०० च्या सुमारास महाराष्ट्राला आपल्याच वाङ्मयातले किती ठाऊक नव्हते, हे पाहायचे तर पहिलीच आवृत्ती हाती असावी लागते. नव्या आवृत्तीने जुनी बाद झाली असे मानून ती टाकून देणाऱ्यांना हे कधी पटत नाही.

१९२६ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, भावे निवर्तले. त्यानंतर पाव शतकाने शं. गो. तुळपुळे यांनी ‘सारस्वता’ला विस्तृत पुरवणी जोडली. ठाण्याच्या संग्रहालयाने १९९३ मध्ये शंभरी ओलांडली.