दोन देशांचे नवाब

इंग्लंड आणि भारत या दोन्ही देशांकडून कसोटी क्रिकेट खेळलेले इफ्तिखार अली खान पतौडी हे एकमेव खेळाडू. १९३१ मध्ये ऑक्सफर्डकडून केंब्रिजविरुद्ध नाबाद २३८ धावा करून ते गाजले होते.

जून १९३२ मध्ये सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली भारत लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळला. सहाच महिन्यांनी पतौडी सिडनीत उतरले, ते मात्र इंग्लंडसाठी. राष्ट्रीयत्वाची आजच्यासारखी काटेकोर अट तेव्हा नव्हती. रणजितसिंहजी व दुलीपसिंहजी याच वाटेने गेले होते. पदार्पणातच पतौडींनी १०२ धावा काढल्या. परंतु कर्णधार जार्डिन यांच्या शरीरवेधी गोलंदाजीसाठी लेग बाजूच्या सापळ्यात उभे राहण्यास त्यांनी नकार दिल्याचे सांगितले जाते. दुसऱ्या कसोटीनंतर त्यांना वगळण्यात आले. १९३४ मध्ये आणखी एक सामना मिळाला, इतकेच.

स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना, १९४६ मध्ये ते इंग्लंडमध्ये परतले ते भारताचे कर्णधार म्हणून. उमेदीची वर्षे मागे पडली होती. तीन कसोटींत त्यांना एकही अर्धशतक करता आले नाही आणि मालिका ०-१ अशी गमवावी लागली. त्याच संघातील अब्दुल हफीज आणि गुल महंमद पुढे पाकिस्तानकडून खेळले. हफीज कारदार तर त्या देशाचे पहिले कसोटी कर्णधार झाले.

५ जानेवारी १९५२ रोजी दिल्लीत पोलो खेळताना पतौडी यांचे निधन झाले. वय अवघे ४१. भारताचे भावी कर्णधार असलेले पुत्र मन्सूर यांचा तो अकरावा वाढदिवस होता.