दूध तुटले, पोर सुजले

आजच्या घानात, म्हणजे तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, १९२९ साली डॉ. सिसिली विल्यम्स सरकारी नोकरीत रुजू झाल्या. त्यांचा जन्म १८९३चा, जमैकातला. पहिल्या महायुद्धात डॉक्टरांचा तुटवडा पडला, म्हणून ऑक्सफर्डमध्ये मुलींना वैद्यकीय शिक्षणाची वाट मोकळी झाली. त्या वाटेने त्या डॉक्टर झाल्या.

अक्रा शहरातील दवाखान्यात त्यांच्याकडे एक ते चार वर्षांची मुले येत. हातपाय सुजलेले, केस तांबूस, कातडी सोललेली, सतत किरकिर. बरीचशी दगावत. वरिष्ठांच्या मते हा ‘पेलाग्रा’ हा जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार होता. विल्यम्स यांना ते पटले नाही. त्यांनी स्वतः शवविच्छेदने केली आणि मुख्य म्हणजे आयांना विचारले. स्थानिक गा भाषेत या आजाराला नाव होते: क्वाशिओरकोर. पाठचे भावंड आले की थोरल्याला होणारा आजार, असा त्याचा आशय. थोरल्याचे अंगावरचे दूध तुटायचे आणि त्याजागी नुसती मक्याची पेज मिळायची. पोट भरायचे, पण प्रथिने मिळत नसत. १९३३ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि १९३५ मध्ये ‘लॅन्सेट’मधून ते स्थानिक नाव जगासमोर आणले. हा आजार केवळ प्रथिनांच्या कमतरतेने होत नाही, असे आज मानले जाते. मात्र दूध सुटताना ताटात काय येते, हा त्यांचा प्रश्न आजही तितकाच मोलाचा आहे.

पुढे त्यांची बदली मलायात झाली. तिथे चित्र उलटे होते. परिचारिकेसारखा पोशाख केलेल्या विक्रेत्या बाळंतिणींना डब्यातील गोड आटीव दूध देण्याचा सल्ला देत. त्या दुधाने तान्ही मुले मरत होती. १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये भाषण करून त्यांनी या जाहिरातबाजीला थेट खून ठरवले.

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्यांना चांगीच्या तुरुंगात डांबले. त्यांची कठोर चौकशी झाली, बेरीबेरीने पाय बधिर झाले. त्याच कैदेत जन्मलेली आणि आईच्या दुधावर वाढलेली वीस बाळे जगली, असे त्या पुढे सांगत. १९४८ मध्ये त्या जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बाल आरोग्य विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या. १९९२ मध्ये, ९८व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आयुष्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नको. आणि सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न सुरू, पण दूध बंद नाही. ते दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही चालू ठेवावे. सहाच महिने का? जन्माच्या वेळी साठवलेले लोह तोवर संपत येते. शिवाय सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात आणि दुधातून सुमारे ४०० मिळतात. उरलेल्या २०० वाटी-चमच्यातूनच यायला हव्यात.

आपल्याकडे उष्टावणाचा मुहूर्त साधला जातो, पण पुढे बाळाच्या वाटीत येते ते वरणाचे पाणी आणि पातळ पेज. आठ-नऊ महिन्यांचे, वजन न वाढलेले बाळ ओपीडीत आले की मी आधी अन्न किती घट्ट देता ते विचारतो. चमचा तिरका केला तरी घास ओघळू नये. कुस्करलेला वरणभात, त्यावर तूप, मुगाची खिचडी, नाचणी, भाजी, चालत असेल तर अंडे. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोन-तीनदा, मग हळूहळू वाढवत न्यावे. वर्षापर्यंत मध नको. साखर-मीठही घालू नये.

पाठचे भावंड येणार असले, तरी थोरल्याच्या वाटीकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. विल्यम्स यांच्या दवाखान्यातली मुले आजारी पडली ती नेमकी तिथेच.