जरीवाल्यांचा हरिहर

पालच्या संजीवकुमार ऑडिटोरियममध्ये नाटकाला किंवा गाण्याच्या कार्यक्रमाला आपल्यापैकी बहुतेक जण कधी ना कधी गेले असतील. गाडी लावायची घाई, मागे राहिलेल्या मंडळींची वाट पाहणं, तिसरी घंटा होण्याआधी खुर्ची गाठणं, या गडबडीत दारावरच्या नावाकडे लक्ष जातंच असं नाही. मागे एकदा आमच्याबरोबर आलेल्या शाळकरी नातवाने मात्र ते नाव वाचलं आणि हे कोण, म्हणून विचारलं. ‘शोले’तले ठाकूर, एवढंच आम्ही सांगितलं. घरी येताना वाटलं, उत्तर फारच तोकडं झालं. यंदाच्या स्मरणिकेत ते पुरं करतो.

ते आपल्या सुरतेचे. जन्म ९ जुलै १९३८. खरं नाव हरिहर जेठालाल जरीवाला. आडनावातच गाव आलं. आपल्या लेकीसुनांच्या पैठणीच्या काठापदराला लागणारी जर पिढ्यान्‌पिढ्या सुरतेहून जात आली आहे, हे वेगळं सांगायला नको. हरिहर लहान असतानाच घर मुंबईला गेलं. आपल्यातली कितीतरी घरं धुळे, जळगाव, नंदुरबारकडून तापीच्या काठाकाठाने इथे आली. हे घर इथून मुंबईला गेलं. सुरत आणि मुंबई तेव्हा एकाच मुंबई इलाख्यात होत्या, तरी गाव सुटायचं ते सुटतंच.

मुंबईत हरिहर नाटकाकडे वळले. ‘इप्टा’ आणि पुढे इंडियन नॅशनल थिएटर ही त्यांची शाळा. आर्थर मिलरच्या ‘ऑल माय सन्स’ या नाटकाच्या रूपांतरात त्यांना म्हाताऱ्याची भूमिका मिळाली तेव्हा ते २२ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ए. के. हंगल यांनी बसवलेल्या ‘डमरू’ नाटकात ते सहा मुलांचे साठीतले वडील झाले. आपल्या गणपतीच्या नाटकांत कॉलेजातल्या मुलाच्या केसांना पावडर लावून त्याला आजोबा करतात, तसंच हे. फरक इतकाच, की हरिहर केवळ पावडरीवर विसंबले नाहीत. म्हातारा माणूस उठतो कसा, बसतो कसा, बोलता बोलता थांबतो कुठे, हे त्यांनी नीट पाहिलेलं होतं.

सिनेमात शिरकाव व्हायला वेळ लागला. १९६० च्या ‘हम हिंदुस्तानी’त अगदी छोटं काम मिळालं, १९६५ च्या ‘निशान’मध्ये नायक होता आलं. १९६६ साली गुजराती चित्रपटात ते कवी कलापी झाले. हिंदी पडद्यासाठी हरिहर जरीवालाचा संजीवकुमार झाला, पण सिनेमासृष्टीत सगळे त्यांना हरिभाईच म्हणत. नावाला भाई लावायची सुरतेची रीत अशी शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर राहिली.

१९६८ च्या ‘संघर्ष’मध्ये दिलीपकुमारांसमोर ते जराही दबले नाहीत, तेव्हा लोकांचं लक्ष गेलं. त्याच वर्षीच्या ‘शिकार’साठी सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. १९७० च्या ‘दस्तक’साठी अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि १९७२ च्या ‘कोशिश’साठी पुन्हा एकदा.

‘कोशिश’ची गोष्ट आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. बोलू आणि ऐकू न शकणाऱ्या नवराबायकोचा संसार. मूल रडतंय हे आईबापांना ऐकू येत नाही, म्हणून ते दगावतं. दुसरा मुलगा वाढतो, शिकतो, आणि पुढे ऐकू-बोलू न शकणाऱ्या मुलीशी लग्न करायला नकार देतो. तो नकार कळल्यावर म्हाताऱ्या बापाच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते पाहून डोळे कोरडे राहत नाहीत. तोंडातून एक शब्द नाही. डोळे, हात आणि खांदे, एवढंच भांडवल.

गुलजार यांनी या माणसाचा कस ओळखला होता. ‘परिचय’, ‘कोशिश’, ‘आंधी’, ‘मौसम’, ‘अंगूर’, ‘नमकीन’ असे चित्रपट दोघांनी केले. जया भादुरींबरोबरची त्यांची नाती पाहिली तर गंमत वाटते. १९७२ या एकाच वर्षात ‘कोशिश’मध्ये ते त्यांचे पती आणि ‘परिचय’मध्ये वडील. १९७३ च्या ‘अनामिका’त प्रियकर, तर १९७५ च्या ‘शोले’त सासरे. प्रेक्षकांना यातलं एकही नातं खटकलं नाही.

‘शोले’ प्रदर्शित झाला १५ ऑगस्ट १९७५ रोजी. केस पांढरे झालेले, दोन्ही हात गमावलेले ठाकूर साकारणारे हरिभाई तेव्हा ३७ वर्षांचे होते. १९७८ च्या ‘त्रिशूल’मध्ये ते अमिताभ बच्चन आणि शशी कपूर या दोघांचे वडील झाले. अमिताभ त्यांच्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान, आणि शशी कपूर तर त्यांच्याहून काही महिन्यांनी मोठे! त्या काळातला दुसरा कुठला नायक अशा भूमिकांना हो म्हणाला असता, याची आम्हाला शंकाच आहे. नायकाने तरुण दिसावं असा रिवाज असताना हरिभाई खुशाल म्हातारे होत.

म्हणून त्यांना गंभीर म्हणावं, तर ‘अंगूर’ आहेच. पुण्यात वाढलेल्या देवेन वर्मांबरोबरचा तो दुहेरी भूमिकांचा गोंधळ आजही घरभर हशा पिकवतो. ‘नया दिन नई रात’मध्ये तर त्यांनी एकट्याने नऊ भूमिका केल्या. ‘आंधी’ आणि ‘अर्जुन पंडित’ या चित्रपटांनी त्यांना लागोपाठ दोन वर्षं फिल्मफेअर मिळवून दिलं. सत्यजित राय यांनी ‘शतरंज के खिलाडी’ काढला तेव्हा त्यांना मिर्झाच्या भूमिकेसाठी घेतलं.

या माणसात खोड नव्हती असं नाही. खाण्यापिण्याचा शौक दांडगा, सेटवर उशिरा येण्याबद्दल नाव झालेलं. लग्न केलं नाही. आपल्या घरातले पुरुष पन्नाशी गाठत नाहीत, ही धास्ती त्यांच्या मनात होती, असं त्यांच्या जवळची माणसं सांगत. हृदयविकाराचा झटका आला, अमेरिकेत जाऊन बायपास झाली, परत येऊन ते पुन्हा कामाला लागले. ६ नोव्हेंबर १९८५ रोजी मुंबईत हृदयविकारानेच त्यांचं निधन झालं. वय अवघं ४७. त्यांचे चित्रपट त्यानंतरही येत राहिले. ‘प्रोफेसर की पडोसन’ तर १९९३ मध्ये आला.

बाविसाव्या वर्षापासून ज्याने म्हातारपण इतकं मन लावून रंगवलं, त्याच्या वाट्याला ते आलंच नाही. आमच्यासारख्या सत्तरी पार केलेल्यांना हे जास्त लागतं. गुडघे धरून जिना चढताना, ऐकू कमी येतं म्हणून कुरकुरताना आम्ही जे वय कंटाळून जगतो, ते या माणसाने फक्त मेकअप उतरेपर्यंतच अनुभवलं. मिळालेल्या वयाबद्दल कुरकुर जरा कमी करावी, असं त्यामुळे वाटतं.

मोठ्या नटाचं संग्रहालय म्हटलं की काचेच्या कपाटातले कपडे, बक्षिसं, जुने फोटो डोळ्यांसमोर येतात. हरिभाईंच्या नावाने मात्र आपल्या शहरात नाट्यगृह उभं आहे, आणि ते अगदी योग्य झालं. नाटकातून आलेल्या माणसाची आठवण ठेवायची, तर रोज तोंडाला रंग लागणारी जागाच हवी.

तेव्हा पुढच्या वेळी नाटकाला जाल तेव्हा मुलांना दारावरचं नाव वाचायला लावा. विसर्जनानंतरच्या एखाद्या निवांत संध्याकाळी नातवंडांना घेऊन ‘कोशिश’ पाहा, आणि त्यांना हसवायचं असेल तर ‘अंगूर’. आणि आपल्या मंडळाच्या नाटकात एखाद्या तरुणाला आजोबांची भूमिका आली, तर त्याने तोंड वाकडं करू नये. सुरतेच्या एका मुलाची सुरुवात तिथूनच झाली होती.

गणपती बाप्पा मोरया!