विधानसभेचे जैन अध्यक्ष : स्व. कुंदनमलजी फिरोदिया

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजातील एका थोर लोकप्रतिनिधीचे पुण्यस्मरण करणे उचित ठरेल. मुंबई विधानसभेचे माजी अध्यक्ष स्व. कुंदनमल शोभाचंद फिरोदिया हे ते व्यक्तिमत्त्व होय.

कुंदनमलजींचा जन्म १८८५ साली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील मारवाडी जैन कुटुंबात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले व नगरला त्यांनी वकिली सुरू केली. व्यापारी घराण्यातील या तरुणाने स्वातंत्र्यलढ्याची वाट धरली. १९४२ च्या चळवळीत त्यांनी कारावासही भोगला.

१९४६ साली ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. ग. वा. मावळंकर यांच्यासारख्या विद्वानानंतर ही जबाबदारी त्यांच्याकडे आली व १९५२ पर्यंत त्यांनी ती सांभाळली. अध्यक्षाने वादविवादात भाग घ्यावयाचा नसतो. मते समसमान पडली तरच त्याने मत द्यावयाचे असते. अनेकांचे म्हणणे ऐकून घेऊन स्वतःचा पक्ष बाजूला ठेवणे, ही या आसनाची कसोटी होय. अनेकान्ताचा संस्कार लाभलेल्या आपणांस तिचे मोल सहज उमगेल.

त्यांच्याच कारकिर्दीत कूळकायदा (१९४८), दारूबंदी कायदा (१९४९) आणि मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा (१९५०) संमत झाले. त्या वेळी आपला जालना भाग हैदराबाद राज्यात होता. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला व पुढे विश्वस्त कायदा येथेही लागू झाला.

नोंदणी, हिशेब व लेखापरीक्षण सक्तीचे करणारा हा कायदा समाजातील अनेकांना धर्मातील हस्तक्षेप वाटला. एका जैन मंदिराच्या व्यवस्थापकांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने काही कलमे अवैध ठरविली. मात्र नोंदणी व हिशेबाची तत्त्वे कायम ठेवली. अध्यक्षस्थानी जैन गृहस्थ असूनही समाजासाठी वेगळे माप लावले गेले नाही, यातच त्या आसनाची प्रतिष्ठा आहे. देवद्रव्याचा पै-पैचा हिशेब ठेवणे ही तर आपल्या पूर्वजांचीच शिकवण. कायद्याने तिला वहीखात्याची शिस्त दिली.

१९६८ साली कुंदनमलजी निवर्तले. त्यांचे पुत्र नवलमलजी व हस्तीमलजी यांनी पुढे उद्योगक्षेत्रात नावलौकिक मिळविला.

धर्मादाय कार्यालयात दरवर्षी सादर होणारा आपला ताळेबंद हा त्याच कायद्याचा वारसा आहे. पद कोणतेही असो, सभागृहाचे वा ट्रस्टचे, ते आपल्या माणसांची सोय पाहण्यासाठी नसते, हे आपल्या विश्वस्तांनी व तरुण पिढीने त्यांच्या जीवनातून घ्यावे. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!

जय जिनेंद्र!