गॅरी किल्डॉल

आमच्या वर्गांतील एका मुलीनें मध्यंतरीं विचारलें, कीं घरच्या संगणकांत ‘सी’ नांवाची तबकडी दिसते, मग ‘ए’ व ‘बी’ कोठें गेल्या? या प्रश्नाचें उत्तर एका मनुष्याच्या चरित्रांत आहे.

गॅरी किल्डॉल यांचा जन्म अमेरिकेंतील सिॲटल शहरीं १९ मे १९४२ रोजीं झाला. त्यांचें घराणें खलाशांना नौकानयन शिकविण्याची शाळा चालवीत असे. १९७२ सालीं वॉशिंग्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते मॉन्टेरी येथील नौदलाच्या विद्यालयांत अध्यापन करीत होते. शिक्षक म्हणून आमचा त्यांजकडे थोडा ओढा आहे, हें कबूल केलेंच पाहिजे.

१९७४ सालीं त्यांनीं लहान संगणकांसाठीं ‘सीपी-एम’ नांवाची कार्यप्रणाली रचली. येथें एक अडचण होती. यंत्राला वीज मिळते तेव्हां त्याची स्मृति कोरी असते. कायमचा कोरलेला एक छोटा कार्यक्रम तेवढा जागा असतो; तो पहिल्या तबकडीचा आरंभ वाचतो, आणि तेथून बाकीची प्रणाली आंत येते. आठ इंची तबकडीचे पहिले दोन मार्ग याच कामासाठीं राखलेले असत. परंतु प्रत्येक कारखान्याचें तबकडीयंत्र निराळें! किल्डॉल यांनीं यंत्राची माहिती असणारा भाग वेगळा काढला व त्यास ‘बायोस’ हें नांव दिलें. उरलेली प्रणाली केवळ अक्षरें ओळखी. पुढील आवृत्तींत ‘ए’पासून ‘पी’पर्यंत सोळा. प्रणालीनें एखादें अक्षर मागितलें, कीं बायोस त्या तबकडीच्या कोष्टकाचा पत्ता देई. तसें यंत्र जोडलेलेंच नसेल तर शून्य देई. शिवाय तबकडीवरील अनुक्रमणिकेची बेरीज ताडून पाहिली जाई. मध्येंच कोणी तबकडी बदलली, तर प्रणाली तिजवर लिहिण्यास नकार देई. नाहीं तर एकीचा नकाशा दुसरीवर उमटून तिजवरील सारें लेखन बुडालें असतें. आमच्या मतें ही दक्षता त्या रचनेंतील फार मोलाची गोष्ट होय.

१९८० सालीं आयबीएम कंपनीचे लोक त्यांजकडे आले. करार जमला नाहीं. त्या दिवसाविषयीं अनेक कथा सांगतात. त्या साऱ्या खऱ्या मानूं नयेत. आयबीएमनें सीपी-एमच्या धर्तीवर टिम पॅटरसन यांनीं लिहिलेली प्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घेतली, आणि पैसा व कीर्ति तिकडे गेली. अक्षरें मात्र तींच राहिलीं. ‘ए’ व ‘बी’ लवचिक तबकड्यांकडे असल्यामुळें १९८३ च्या यंत्रांतील कठीण तबकडीस ‘सी’ मिळालें. पुढें लवचिक तबकड्या नाहींशा झाल्या. त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. आतां लिनक्सचे प्रारंभक कार्यक्रम बहुधा अक्षराचा वा क्रमाचा भरंवसा न धरितां, तबकडीच्या भागावरच लिहिलेला लांबलचक ओळखक्रमांक शोधतात, कारण तारा बदलल्या कीं क्रमही बदलतो.

डोक्यास इजा होऊन ११ जुलै १९९४ रोजीं, बावन्नाव्या वर्षीं किल्डॉल वारले. पॅसिफिक ग्रोव्ह येथें त्यांच्या कंपनीची कचेरी ज्या घरांत होती, त्यासमोर २०१४ सालीं अभियंत्यांच्या संस्थेनें त्यांच्या कार्याचा स्मृतिफलक बसविला.